शॉर्टसर्किट म्हणण्याआधी

धारवाडच्या केलगेरीतल्या आमच्या घराची माडीवरची खोली पहाटे जळाली. बंब परतायच्या आत गल्लीनं निकालही देऊन टाकला: शॉर्टसर्किट! भिंतीवरची वायर उघडी पडली होती, तांब्याच्या टोकांना वितळून मणी आले होते. वायरमननंही मान डोलावली.

विम्याचे सर्व्हेअर मात्र आल्याआल्या खाली बसले. आग वर चढताना पसरते, त्यामुळे भिंतीवर बहुधा इंग्रजी ‘व्ही’सारखा डाग उमटतो. या डागाचं खालचं टोक स्विचबोर्डापाशी नव्हतं, समोरच्या कोपऱ्यात होतं. तिथं फळीची जमीन सर्वांत खोल जळालेली आणि सुताराच्या चिंध्यांचा कोळसा. मग मणी कसले? आवरण जळून वीज चालू असलेल्या तारा एकमेकींना टेकल्या तरी ते होतात. म्हणजे आग वायरनं लावली की आगीनं वायर खाल्ली, हे नुसत्या मण्यांवरून कळत नाही.

आदल्या दिवशी सागवानी दारांना जवसाचं तेल लावलं होतं, डब्यावर ‘डबल बॉइल्ड’ लिहिलेलं. हे तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि त्यात उष्णता निघते. दारावरच्या पातळ थरातून ती निघून जाते. तेल लावायला वापरलेल्या चिंध्यांच्या ढिगात कोंडते, वाढते आणि काही तासांत काडी न लावता ढीग पेटतो. जवसाची चटणी रोज खाणाऱ्या आम्हा धारवाडकरांना हे पटायला जड गेलं. पण १९९१ साली फिलाडेल्फियातली ‘वन मेरिडियन प्लाझा’ ही ३८ मजली इमारत अशाच तेलकट चिंध्यांनी पेटली होती. अग्निशमन दलाचे तीन जवान त्यात गेले.

तेव्हा रंगकाम, पॉलिश चालू असेल तर संध्याकाळी स्वतः फिरून बघा. तेलाच्या चिंध्या बाहेर सुट्ट्या पसरून कडक वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावा. पोत्यात कोंबू नका.

आणि आग लागलीच, तर विझल्यावर लगेच केरसुणी घेऊ नका. आमच्या वहिनी पाहुणे यायच्या आत खोली धुवायला निघाल्या होत्या; धुतली असती तर तो कोपरा गटारात गेला असता. आधी चारही बाजूंनी फोटो काढा, कुठला स्विच चालू होता, कुठला एमसीबी पडला होता ते लिहून ठेवा. फुटक्या काचेवरून घातपाताचे तर्क तर लढवूच नका. काचेवर बारीक जाळीसारखे तडे दिसले की लोक पेट्रोलचं नाव घेतात. तापलेल्या काचेवर बंबाचं पाणी पडलं तरी ती तशीच तडकते.