निसटत्या केसांचा अंबाडा

प्रश्न : माझे केस पातळ आणि फार गुळगुळीत आहेत. बहिणीच्या लग्नात अंबाडा घालायचाय, पण तासाभरात पिना निसटतात. काय करू?

उत्तर : केस आदल्या दिवशीच धुवा, कंडिशनर टाळा, नुकते धुतलेले केस पिना धरत नाहीत. आधी घट्ट पोनी बांधा, तिच्याभोवती वेणी गुंडाळा आणि वरून केसांच्या रंगाची जाळी लावा. काळ्या पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे हवी (बहुतेकजणी उलटी खोचतात!). दोन पिना फुलीसारख्या एकमेकींत अडकवल्या की हलत नाहीत. धातूची गुळगुळीत, जड क्लिप कितीही सुंदर दिसली तरी घेऊ नका, ती घसरणारच. गजरा एकपदरी घ्या, पाणी निथळू द्या आणि जाळीलाच अडकवा. लग्नाआधी एकदा घरी बांधून दोन तास वावरून बघा.