‘ग’ अक्षराची फुले

इंग्रजी उद्यानविद्येच्या पुस्तकांत फुलांची यादी पुष्कळदा अक्षरानुक्रमे दिलेली असते. अशी यादी मराठीत आणावयाची म्हणजे भाषांतरकाराची पंचाईत होते. ‘आर’ या अक्षराखालचा ‘रोझ’ आपल्याकडे गुलाब म्हणून ‘ग’खाली जातो, ‘एम’खालचा ‘मॅरिगोल्ड’ झेंडू होऊन ‘झ’पाशी येतो, आणि मूळ अनुक्रमाची वाताहत होते. एवढ्याने भागत नाही. ‘ग’खाली गुलछडी घालावी, तर तीच वनस्पती निशिगंध म्हणून ‘न’खाली पुन्हा उभी असते. आपण जिला गोकर्ण म्हणतो तिला हिंदीत व बंगालीत अपराजिता म्हणतात. तमिळ भाषेत तिच्या नावात शंख येतो. तेव्हा आद्याक्षर हा काही फुलाच्या अंगचा गुण नव्हे. मग फुलांचे आपसांतील नाते ओळखावे तरी कशावरून? ‘ग’ अक्षराची बागेतील पाच फुले घेऊन हा प्रश्न पाहू.

यांतील चार नावांच्या आरंभी ‘गुल’ हा शब्द आहे. फारसीत ‘गुल’ म्हणजे फूल, विशेषतः गुलाबाचे फूल, आणि ‘आब’ म्हणजे पाणी. गुलाब म्हणजे वस्तुतः फुलाचे सुगंधी पाणी; आपल्याकडे ते नाव खुद्द फुलालाच चिकटले. (आपल्या ‘गुलाबपाणी’ या शब्दात त्यामुळे पाणी दोनदा आले आहे!) बंगालीत ‘गोलाप’ आणि कन्नड व तेलुगूत ‘गुलाबी’ अशी त्याची रूपे झाली. गुलबक्षी, गुलछडी व गुलमोहर यांनीही हाच ‘गुल’ घेतला आहे. परंतु नावाच्या या सारखेपणावरून ही भावंडे आहेत असे मानल्यास फसगत होईल. गुलाब हा सफरचंदाच्या कुळातला. गुलछडी मूळची मेक्सिकोची आणि घायपाताची आप्त. गुलमोहर मूळचा मादागास्कर बेटावरचा, शेंगा धरणाऱ्या झाडांच्या कुळातला. आणि त्याच कुळात, नावात ‘गुल’ नसलेली, गोकर्ण मोडते. हातभर लांबीची गुलमोहराची शेंग आणि बोटाएवढी गोकर्णाची चपटी शेंग शेजारी ठेवून पाहावी. दोहोंच्या फुलांत पाच पाकळ्यांपैकी एक इतरांहून वेगळी उठून दिसते. गोकर्णाचे फूल मात्र उलटे उमलते, म्हणून ती मोठी पाकळी खालच्या बाजूस येते.

राहिली गुलबक्षी. तिचा गुलाबी रंग आणि गुलाबाचा गुलाबी रंग डोळ्यांना सारखे वाटले तरी ते भिन्न द्रव्यांचे आहेत. गुलाब व गोकर्ण यांच्या रंगाचे द्रव्य अँथोसायानिन या वर्गातले असते. गुलबक्षीत त्याच्या जागी बीटालेन नावाची द्रव्ये असतात. बोगनवेल, लाल माठ, बीट आणि निवडुंग यांचे रंगही बीटालेनचेच, आणि या सर्व वनस्पती गुलबक्षीच्या जवळच्या किंवा दूरच्या नातलग आहेत. गोकर्णाच्या निळ्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून त्यात लिंबू पिळावे. पाणी जांभळट गुलाबी होते. खाण्याचा सोडा घातल्यास हिरवट छटा येते. बिटाच्या पाण्यात लिंबू पिळून असा पालट होत नाही. एका पेल्यात होणारा हा प्रयोग शाळेत अवश्य करावा.

गुलबक्षीचे फूल दुपार कलल्यावर उमलते व दुसऱ्या दिवशी सकाळी मिटते. जिला आपण पाकळी समजतो तो वस्तुतः तिचा रंगीत निदलपुंज होय. खरी पाकळी तिला नाहीच. विज्ञानाच्या इतिहासात मात्र या साध्या झाडाला मोठा मान आहे. संततीत आईबापांचे गुण दोन रंग एकत्र कालवावेत तसे मिसळून जातात, असा पूर्वी अनेकांचा समज होता. तांबड्या फुलांच्या गुलबक्षीचा पांढऱ्या फुलांच्या गुलबक्षीशी संकर केला तर संततीची फुले गुलाबी येतात, आणि हे पाहून तो समज खराच वाटतो. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी ही गुलाबी झाडे आपसांत फळवून पाहिली. पुढच्या पिढीत दर चार झाडांमागे सरासरीने एक तांबड्या, दोन गुलाबी व एक पांढऱ्या फुलांचे झाड आले. कालवलेला रंग पुन्हा वेगळा करता येत नाही. येथे तर नातवंडांत तांबडा व पांढरा जसेच्या तसे परतले! याचा अर्थ रंग ठरविणारे घटक मिसळलेले नव्हते, ते नुसते जवळजवळ होते. मेंडेल यांनी वाटाण्यावरून काढलेल्या नियमांकडे १९०० साली जगाचे लक्ष पुन्हा वेधणाऱ्यांत कोरेन्स हे एक होते. खुद्द मेंडेल यांनीही गुलबक्षीवर प्रयोग केले होते. एक बीजांड फळण्यास परागाचा एकच कण पुरतो, असे त्यांना तिच्यात आढळले.

घरच्या बागेत हा हिशोब सहसा इतका चोख उतरत नाही, कारण आपल्याकडील झाडे पूर्वीच पुष्कळ मिसळलेली असतात. एकाच झाडावर दोन रंगांची, किंवा एकाच फुलावर पट्टे असलेली फुलेही दिसतात.

कोरेन्स यांचे दुसरे निरीक्षण १९०९ सालचे. काही गुलबक्षींच्या पानांवर हिरवे-पांढरे चट्टे असतात, आणि अशा झाडाची एखादी फांदी पूर्ण हिरवी, तर एखादी पूर्ण पांढरी निघते. या फांद्यांवरील बियांपासून कशी रोपे येतील, हे पराग कोणत्या फांदीचा आहे यावर मुळीच अवलंबून नव्हते. बी कोणत्या फांदीवर धरले यावरच ते ठरत होते. पानातील हरितद्रव्य ज्या सूक्ष्म कणांत असते, ते कण येथे संततीला केवळ आईकडून, बीजांडातून मिळतात. पांढऱ्या फांदीवरील बी रुजते, पण हरितद्रव्यावाचून अन्न तयार करता येत नसल्याने बियांतील साठा संपताच रोप मरते.

गुलबक्षीचे काळे, सुरकुतलेले बी मिऱ्यासारखे दिसते. ते विषारी आहे. लहान मुलांनी तोंडात घालू नये. पावसाळ्याच्या आरंभी ते कुंडीत टाकावे, आणि फुले येऊ लागली म्हणजे कोणत्या झाडावर कोणता रंग आला याची वहीत नोंद करावी.