नगरपालिकेतील एक मत

सकाळी तुम्ही नळ सोडता, झाडलेल्या रस्त्याने शाळेस येता आणि सायंकाळी खेळून परतता तेव्हा वाटेवरील दिवे लागलेले असतात. ही सोय आपोआप होत नाही. तिच्यामागे आपल्या गावची नगरपालिका असते. मध्यंतरी मी वर्गात देशाच्या पंतप्रधानांचे नाव विचारले, तेव्हा सर्वांचे हात वर झाले. आपल्या प्रभागाच्या सभासदाचे नाव विचारताच मात्र वर्ग निःशब्द झाला. म्हणून हा पाठ.

आपल्या देशात या संस्थांच्या आरंभकाळी सभासद बहुधा सरकारनेच नेमलेले असत. १८८२ साली व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध केला. सभांतून बिनसरकारी सभासदांचे आधिक्य असावे आणि त्यायोगे लोकांना राज्यकारभाराचे शिक्षण मिळावे, हा त्याचा हेतू होता. परंतु खरा सभासद कसा असावा, याचा धडा पुणे शहरात त्यापूर्वीच मिळालेला होता.

महात्मा जोतीराव फुले हे १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. तेही सरकारनियुक्तच. लॉर्ड लिटन यांच्या पुणे-भेटीनिमित्त एक हजार रुपये खर्चावे, असा प्रस्ताव सभेपुढे आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. मते घेतली तेव्हा सर्व सभासद एका बाजूस आणि जोतीराव एकटे दुसऱ्या बाजूस! प्रस्ताव अर्थातच संमत झाला. १८८० मध्ये शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविषयीही त्यांनी नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली.

कोणी म्हणेल, जे मत हरले त्याचा उपयोग काय? उपयोग असा की, 'हा पैसा कोणाचा?' हा प्रश्न त्या मताने सभेस विचारला. घरपट्टी आणि पाणीपट्टी यांच्या रूपाने नगरपालिकेच्या तिजोरीत येणारा पैसा श्रीमंताचा तसाच मजुराचाही असतो. भाड्याच्या खोलीत राहणाराही तो भाड्यातून भरीतच असतो. दरवर्षी अंदाजपत्रक सभेपुढे येते, तेव्हा चौकातील कमान आधी की वस्तीतील गटार आधी, हे सभासदांच्या मतांनी ठरते. सभासदाची कसोटी तेथेच लागते.

आज सभासद नेमले जात नाहीत, आपणच त्यांना निवडून देतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांस राज्यघटनेत स्थान मिळाले, त्यांची मुदत पाच वर्षे ठरली आणि स्त्रियांसाठी किमान एकतृतीयांश जागा राखल्या गेल्या. महाराष्ट्राने २०११ साली ते प्रमाण निम्म्यावर नेले. तथापि कायदा झाला म्हणजे सर्व झाले असे नव्हे. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यापुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचा कारभार चालला. नळास पाणी येत होते, दिवेही लागत होते; परंतु सभागृहात उभे राहून खर्चाचा जाब विचारणारा लोकनियुक्त सभासद नव्हता. संस्था असणे निराळे आणि तीत आपला आवाज असणे निराळे.

पालकांस विनंती एवढीच की, कर वेळेवर भरावा आणि त्याचा हिशेबही विचारावा. मत देताना उमेदवाराची जात अथवा त्याने घातलेली जेवणावळ न पाहता, तो सभेत एकटा उभा राहू शकेल काय, हे पाहावे.

आणि मुलांनो, तुम्हांस अठराव्या वर्षी मताचा आणि एकविसाव्या वर्षी उमेदवारीचा हक्क मिळेल. तोवर सुटीत एक अभ्यास करा. आपल्या प्रभागाच्या सभासदाचे नाव शोधून काढा, आपल्या आळीतील एक अडचण कागदावर स्वच्छ अक्षरात लिहा आणि वडीलधाऱ्यांसह जाऊन तो कागद त्यांच्या हाती द्या. नागरिकशास्त्राचा पहिला धडा पुस्तकात नसून त्या कागदावर आहे.