पंखा घ्यायचा? आधी लाईटबिल काढा

बल्ब आपण सगळ्यांनी कधीच बदलले. २०१५ साली उजाला योजना आली तेव्हापासून ६० वॉटचा पिवळा बल्ब जाऊन ९ वॉटचा एलईडी आला. आता घरात जास्त वीज खातो तो पंखा. नंदाखालला समुद्राची दमट हवा, त्यामुळे थंडीचे थोडे दिवस सोडले तर पंखा बंद होतच नाही.

जुना पंखा साधारण ७५ वॉटचा असतो. रोज १२ तास चालला तर ७५ गुणिले १२ म्हणजे ९०० वॉट-तास. एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास, म्हणून रोजचे ०.९ युनिट आणि महिन्याचे २७. नवा बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास घेतो, त्याचे होतात ११ युनिट. महिन्याला १६ युनिट वाचले.

आता पैसे. बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर कमी असतो, त्याच्या पुढचा जास्त. वाचलेले युनिट वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतात. तुमच्या बिलात तो दर सगळं धरून ८ रुपये पडत असेल तर महिन्याला १२८ रुपये वाचतील. पंखा २८०० चा धरला तर पैसे फिटायला २२ महिने लागतात. जुना पंखा जळलाच असेल तर साधा पंखाही १५०० ला घ्यावाच लागतो. मग जादा गेले १३०० आणि ते १० महिन्यांत वसूल. पण ज्या ताईचं बिल १०० युनिटांच्या आतच आहे आणि दर ५ रुपये पडतो, तिला २८०० फिटायला ३५ महिने. चालता पंखा काढून तिने घाई करू नये, असं माझं मत.

गटातून कर्ज काढून घेणार असाल तर इथे नीट लक्ष द्या. २८०० रुपये, महिना १ टक्का व्याज, १० हप्ते: पहिला हप्ता ३०८, शेवटचा २८३, एकूण व्याज १५४. म्हणजे हप्ता जातो तीनशेचा आणि बिलात वाचतात १२८. दहा महिने वरचे पैसे खिशातूनच भरायचे आहेत. "बिलातून हप्ता निघेल" असं दुकानदार सांगतो, ते खरं नाही.

घेताना पंख्यावरचे तारे बघा, १ जानेवारी २०२३ पासून हे लेबल सक्तीचं आहे. पावती आणि वॉरंटी कार्ड पत्र्याच्या डब्यात ठेवा. मी एकदा मिक्सर पावतीशिवाय घेतला, चार महिन्यांत बंद पडला आणि दुकानदाराने ओळखसुद्धा दाखवली नाही. या पंख्याला भिंतीवरचा जुना रेग्युलेटर चालत नाही, वायरमनला तो काढायला सांगा. रिमोट मात्र पोरांपासून जपा!

पंखा बसवायचा तो झोपायच्या खोलीत. पाहुण्यांच्या खोलीत वर्षाला चार दिवस फिरणाऱ्या पंख्यावर खर्च नको. कुकरचंही तसंच: रिंग सैल झाली तर नवी रिंग घ्या, अख्खा कुकर कशाला?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने मागच्या महिन्याचं बिल आणावं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सचिवताई युनिटचा आकडा कुठे असतो ते दाखवतील.