काकूंकडे पुन्हा जाण्याआधी

निखिल,

काल रात्री ताईचा फोन आला आणि मामाची झोप उडाली. साथीवरच्या कादंबरीसाठी तू वरच्या काकूंपुढे मोबाइल रेकॉर्डिंगला लावलास आणि २०२१च्या एप्रिलात काका कसे गेले ते खोदून खोदून विचारलंस म्हणे. काकू दोन दिवस धड जेवल्या नाहीत. खरं आहे का हे?

साथीवर लिहिणाऱ्यांनी काय टिपलं ते बघ. लंडनच्या १६६५च्या प्लेगात डॅनियल डीफो जेमतेम पाच वर्षांचा होता. त्या प्लेगवरचं त्याचं पुस्तक आलं १७२२ साली. त्यात मृतांचे आकडे आहेतच, पण लाल फुली मारून बंद केलेली घरं आणि आतल्यांना सामान आणून देणारा दारावरचा पहारेकरीही आहे. काम्यूच्या प्लेगवरच्या कादंबरीत, ओरान शहरात, ग्राँ हा म्युनिसिपालटीतला साधा कारकून संध्याकाळी स्वयंसेवकांच्या नोंदी ठेवतो. आणि हिंदी कथाकार रेणूंच्या गोष्टीतला लुट्टन पहलवान! मलेरिया-कॉलऱ्याने गाव ओस पडतंय आणि हा रात्रभर ढोलक बडवतोय. दोन्ही पोरं गेली, त्यांना खांद्यावरून नदीला नेलं, आणि त्याच रात्री ढोलक पुन्हा वाजली. तिने रोग हटला नाही, पण अंधारात पडलेल्यांना सोबत झाली.

काकांच्या आजारात जिन्यात डबा कोण ठेवून जायचं, हे विचारलंस का रे काकूंना?

मामा सुरतेहून प्लेगात सुखरूप परतला, एवढंच तुम्हा पोरांना ठाऊक. सप्टेंबर १९९४. लाखो माणसं शहर सोडत होती, प्लेगवरचं टेट्रासायक्लिन मिळेना. सुरतेतल्या उधन्याच्या खोलीत सोबतचा मित्र तापाने फणफणला होता. मामाने त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला, दार लोटलं आणि जळगावची गाडी धरली. ताप मलेरियाचा निघाला, मित्र वाचला. त्याने तो विषय कधी काढला नाही. मामाला मात्र तो तांब्या अजून दिसतो. अर्धाच भरला होता.

रागावलो म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. तुझा हात चांगला आहे, कादंबरी सोडू नकोस. पण काकूंकडे पुन्हा जाशील तेव्हा मोबाइल घरी ठेव. त्यांचा सिलिंडर वर चढवून दे, चहा घे, त्या बोलल्या तर ऐक.

आणि स्वतः वेळेवर जेवत जा. ताई म्हणते, वाळलायस.

दिवाळीला वही घेऊन ये. मामी कळण्याची भाकरी करेल. रात्री गच्चीवर मामा तुला ती खोली सांगेल, आवाज होऊ नये म्हणून दार किती हळू लोटलं होतं तेसुद्धा.

तुझा,
मामा