इंटर्नशिप आणि चॅटबॉट



चॅटबॉट अफाट मजकुरावर शिकलेला असतो आणि त्या आधारे पुढचा संभाव्य शब्द मांडत जातो. त्याचे वाचन दांडगे आहे. अमेरिकेतील वैद्यकीय परवाना परीक्षेचे प्रश्न सोडवताना चॅटजीपीटी उत्तीर्णतेच्या रेषेपाशी पोहोचल्याचे २०२३ सालीच प्रसिद्ध झाले. मात्र परीक्षेच्या प्रश्नात रुग्णाची हकीकत कोणीतरी आधीच नीट लावून दिलेली असते. ओपीडीत ती लावणे हेच डॉक्टरचे निम्मे काम. "गॅस झालाय, घाबरल्यासारखं होतंय," म्हणत आलेल्या मधुमेही माणसाला हृदयविकाराचा झटका आलेला असू शकतो. घाम फुटला का, कळ जबड्याकडे जाते का, जिना चढताना दम लागतो का, हे खोदून विचारावे लागते आणि ईसीजी काढावा लागतो. जे विचारलेच नाही ते चॅटबॉटला कळण्याचा मार्ग नाही.

डोसच्या बाबतीत जास्तच सावध राहावे. दहा किलोच्या तापलेल्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम या हिशेबाने पॅरासिटामॉल १५० मिलिग्रॅम लागते. पाच मिलीत १२५ मिलिग्रॅम असलेले सिरप असेल तर ते ६ मिली होते, २५० वाले असेल तर ३ मिली, आणि एका मिलीत १०० मिलिग्रॅम असलेले ड्रॉप्स असतील तर फक्त दीड मिली. चॅटबॉटचे "६ मिली" हे उत्तर पहिल्या बाटलीपुरते अगदी बरोबर असते. तेच ड्रॉप्सच्या बाटलीतून दिले तर बाळाच्या पोटात चौपट औषध जाते. आईच्या हातातली बाटली घेऊन लेबल वाचावे, गणित कागदावर करावे आणि मगच पडताळा म्हणून विचारावे.

शिकतानाही क्रम हाच. आधी स्वतःचे निदान आणि त्यामागची कारणे केस पेपरवर लिहावीत, नंतर आपल्याकडून काय सुटले ते चॅटबॉटला विचारावे. उलट क्रमाने सवय लागली तर निदान करण्याचा सरावच होत नाही, आणि इंटर्नशिपचे वर्ष त्या सरावासाठीच असते. व्हायव्हाच्या तयारीसाठी मात्र त्याला परीक्षक करून बसवावे. या कामाला तो उत्तम.

रुग्णाचे नाव, फोन नंबर, केस नंबर, चेहऱ्याचा फोटो यांतले काहीही त्यात टाकू नये. ती माहिती रुग्णाने डॉक्टरवर विश्वास ठेवून दिलेली असते.

आता रुग्णही चॅटबॉटला विचारूनच येतात. चॅटजीपीटीचा सल्ला घेऊन मिठाऐवजी तीन महिने सोडियम ब्रोमाइड खाणाऱ्या साठ वर्षांच्या एका माणसाची केस २०२५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली. शेजारी आपल्यावर विषप्रयोग करतो, असे सांगत तो रुग्णालयात आला होता. निघाली ब्रोमाइडची विषबाधा. म्हणून हिस्टरी घेताना गोळ्या, काढे, चूर्णे यांच्याबरोबर चॅटबॉटचा सल्लाही विचारावा. उत्तर "हो" आले तर रुग्णावर चिडू नये. एकदा बोलणी बसली की पुढच्या वेळी तो सांगत नाही.

— काका