फ्लोम बंदरातले साडेपाच तास

(बी. कॉम. द्वितीय वर्ष)

माझे मामा एका परदेशी प्रवासी जहाजावर बेकरी विभागात काम करतात. खानापूर तालुक्यातील आमच्या आजोळी पावाची भट्टी कधी नव्हती, भाकरीची चूल होती. परंतु गोव्यातील एका हॉटेलात पाव भाजण्यास शिकून मामा जहाजावर गेले, त्याला आता अकरा वर्षे झाली. वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावर आणि उरलेले घरी, असा त्यांचा क्रम. या अकरा वर्षांत आजीला आपला मुलगा तिकडे नेमके काय करतो, कुठे झोपतो, हे नीटसे कधी कळलेच नव्हते. जुन्या कर्मचाऱ्यांना घरच्या एका माणसास काही दिवस बरोबर ठेवण्याची सवलत मिळते. २०२५ च्या जूनमध्ये सुट्टी संपवून कामावर रुजू होताना मामा त्या सवलतीवर आजीला घेऊन गेले. आजीचे वय ६९, आणि दोन्ही गुडघे दुखरे.

जाण्यापूर्वी दीड महिना मामांनी मला बोलावून सांगितले, "तू कॉमर्सवाली ना? मग एक हिशेब कर बघू. नॉर्वेच्या त्या फेरीत मला जमिनीवर उतरण्याची मोकळीक एकाच बंदरात मिळणार, फ्लोमला. आईला घेऊन तिथे काय करू, ते सांग."

तो हिशेब मी कसा मांडला आणि त्यात कोठे चुकले, हे सांगण्यासाठी हा लेख. मी स्वतः फ्लोम पाहिलेले नाही, हे प्रथमच सांगते. सारे काम बेळगावात बसून, नकाशा व वेळापत्रक समोर ठेवून केले. तरी लहान बंदरात एक दिवस घालवावयाचा तर विचार कसा करावा, याचा हा एक नमुना ठरावा. बंदर हा शब्द आपल्या मासिकाच्या दोन्ही विभागांना सारखाच. कन्नडमध्येही तो ‘बंदरु’च आहे.

फ्लोम हे पश्चिम नॉर्वेतील सुमारे साडेतीनशे वस्तीचे खेडे. एवढ्याशा खेड्याला तीन-चार हजार माणसांचे जहाज लागते कसे, हा माझा पहिला प्रश्न होता. उत्तर भूगोलात आहे. हिमयुगात हिमनद्यांनी डोंगर खोल कोरले आणि बर्फ वितळल्यावर त्या दऱ्यांत समुद्र शिरला, त्यांना फियोर्ड म्हणतात. सोग्नेफियोर्ड हा नॉर्वेतील सर्वांत लांब व खोल फियोर्ड, लांबी २०५ किलोमीटर आणि खोली १३०० मीटरांहून अधिक. त्याच्या ऑरलँड नावाच्या फाट्याच्या टोकाशी फ्लोम आहे. आपल्या कोकणातील खाड्यांत गाळ साचून पडावालाही वाट राहत नाही; तेथे मात्र उघड्या समुद्रापासून दीडशे किलोमीटरहून अधिक आत, डोंगराच्या पायथ्याला सात-आठ मजली जहाज सरळ टेकते. शेजारचा नेरॉयफियोर्ड २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. या वारसा फियोर्डांत १ जानेवारी २०२६ पासून दहा हजार ग्रॉस टनांखालील प्रवासी बोटींना धूर न सोडण्याची अट लागू झाली असून मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंत मुदत आहे. त्यानंतर मामांच्या जहाजासारखी जहाजे फ्लोमला येतील की नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता वेळेचा हिशेब. जहाज सकाळी ८ वाजता धक्क्याला लागणार, संध्याकाळी ५ वाजता सुटणार, आणि प्रवाशांनी साडेचारपर्यंत परत यावयाचे. साधा माणूस ८ ते साडेचार असे साडेआठ तास मोजतो. पण मामांचे पाव पहाटेपासून भट्टीत असतात. त्यांची पहिली पाळी दहाला संपते, दुसरी चारला सुरू होते, आणि गणवेश चढवून हजर व्हायचे तर साडेतीनला आत हवे. शिवाय जहाज बंदरात असताना ठरावीक कर्मचाऱ्यांना आतच थांबावे लागते. त्या दिवशीची आपली ती पाळी मामांनी एका फिलिपिनो सहकाऱ्याशी बदलून घेतली, त्याबदल्यात पुढची दोन बंदरे स्वतःकडे घेतली. म्हणजे हाती राहिले दहा ते साडेतीन, साडेपाच तास, ३३० मिनिटे.

ही मोजणी मी शेवटापासून उलट केली, कारण जहाज एस. टी. सारखे "थांबा, म्हातारी येतेय" म्हटल्यावर थांबत नाही. वाटाड्या पायलट ठरलेला असतो, पुढच्या बंदरातील जागा ठरलेली असते, आणि उशिराचा खर्च मोठा असतो. परतताना तपासणीची रांग आणि आजीची चाल धरून ३० मिनिटे, उतरताना १५ मिनिटे. कॉस्टिंगमध्ये आपण मार्जिन ऑफ सेफ्टी शिकतो, म्हणजे विक्री किती घटली तरी तोटा होणार नाही तो पल्ला. त्या धर्तीवर परतीच्या बाजूला आणखी ६० मिनिटे राखून ठेवली. उरली २२५ मिनिटे.

या २२५ मिनिटांत बसवण्यासारख्या तीन गोष्टी होत्या.

पहिली, बोटीने नेरॉयफियोर्डमधून गुडवांगेनपर्यंत जाणे व ११ किलोमीटरांहून लांब बोगद्यातून बसने परत येणे. हा फियोर्ड सर्वांत अरुंद जागी केवळ २५० मीटर रुंद आहे, म्हणजे पाहण्याजोगा खराच. पण बोटीलाच दोन तास लागतात. मामा म्हणाले, "आई रोज पाण्यावरच आहे की. परत बोटीत कशाला बसवतेस?" तो पर्याय तेथेच मिटला.

दुसरी, स्टेगास्टाइनचा सज्जा. फियोर्डच्या पाण्यापासून ६५० मीटर उंचीवर डोंगरातून तीस मीटर पुढे काढलेला हा लाकूड-पोलादाचा सज्जा २००६ साली उघडला. त्याच्या टोकाला फक्त काच आहे. बसने जाऊन-येऊन दीड तास. मला स्वतःला हेच फार आवडले होते. पण रस्ता अरुंद आणि एकापाठोपाठ एक वळणांचा, आणि आजीला चोर्ला घाटातसुद्धा गाडी लागते.

तिसरी, फ्लोमची रेल्वे. २०.२ किलोमीटरचा हा फाटा समुद्रसपाटीजवळून निघून म्युरदाल स्थानकापर्यंत सुमारे ८६५ मीटर चढतो. १९४० साली तो सुरू झाला आणि १९४४ साली विजेवर आला. वीस बोगदे, त्यांतील अठरा हाताने फोडलेले. कमाल चढ १८ फुटांना १ फूट. आपल्या लोकांना याची कल्पना यावी म्हणून सांगते: कॅसल रॉक ते कुळे हा आपला घाट ३७ ला १ आहे, आणि तेथेही मागून जादा इंजिने लावावी लागतात. म्हणजे फ्लोमचा चढ त्याच्या दुपटीहून तीव्र. वर जाण्यास साधारण एक तास, येण्यास तेवढाच. वाटेत शोसफॉसेन नावाच्या धबधब्यासमोर गाडी पाच मिनिटे उभी राहते व लोकांना फलाटावर उतरू देतात. आपली गाडी दूधसागरासमोरून जाते तसेच हे, फक्त आपला धबधबा पावसाच्या जोरावर आणि तो बर्फ वितळण्याच्या जोरावर. म्हणून जूनमध्ये तो भरात असतो. त्याच्याच पाण्यावर या रेल्वेसाठी वीजकेंद्र उभारले आहे, हे मला त्या दृश्याइतकेच आवडले.

रेल्वेचे स्थानक धक्क्यापासून थोड्याच पावलांवर आहे. पायऱ्या चढणे नाही. आणि आजीला मुलाच्या शेजारी दोन तास बसता येईल. रेल्वेला सर्व धरून १५० मिनिटे लागतील, उरतील ७५. त्यात सज्जा बसत नाही, म्हणून तो सोडला. अर्थशास्त्रात याला संधी खर्च म्हणतात. पुस्तकात तो गहू आणि कापसाचा असतो, त्यामुळे काही वाटत नाही. येथे मी सज्जाच्या नावावर रेघ मारली तेव्हा वाईट वाटले. उरलेल्या ७५ मिनिटांत दरीत तीनेक किलोमीटर आत असलेले १६७० सालचे लाकडी चर्च गाडी करून पाहावे, असे लिहिले.

तिकिटाचा प्रश्न आला. जहाजावरच रेल्वेची सहल विकत मिळते आणि ती महाग पडते. महाग का, तर त्या सहलीला उशीर झाला तर जहाज तिच्यासाठी थांबते. वरचे पैसे म्हणजे एक प्रकारे विम्याचा हप्ताच. प्रवाशाने तो कधी भरावा? माझे मत असे की ठिकाण दूर असेल आणि परतीला दुसरी वाट नसेल तर जरूर भरावा. म्युरदालला मोटारीचा रस्ता जात नाही, गाडी वर अडकली तर दुसऱ्या गाडीचीच वाट पाहावी लागते. तेव्हा एखाद्या उतारूने हप्ता भरणे शहाणपणाचे. पण मामांना त्या सहलीत जाता येत नव्हते, आणि त्यांच्यासाठी कोणी थांबणारही नव्हते. म्हणून आम्ही दोन तिकिटे स्वतंत्र काढली, आणि विम्याऐवजी क्रम बदलला. दूरचे व बेभरवशाचे आधी, जवळचे मागाहून. दहानंतरची पहिलीच गाडी धरली. मोठे जहाज लागलेले असताना ऐनवेळी जागा मिळत नाही, म्हणून तिकिटे महिनाभर आधी काढून झेरॉक्सच्या दुकानात छापून आजीच्या पिशवीत ठेवली. गुडघ्याची गोळी, शाल, स्थानकावरील शौचालय कोठे आहे, हेही कागदावर लिहिले. वर जूनमध्येही बर्फ असते, म्हणून स्वेटर दोन.

त्या दिवशी तिकडे दहा वाजले तेव्हा आपल्याकडे दुपारचे दीड वाजले होते. मी वर्गात होते. तास सुटल्यावर मोबाईल पाहिला तर मामांचा एकच निरोप: "गाडी चुकली."

पाव काढून झाल्यावर भट्टीखान्याची अचानक तपासणी निघाली होती. मामा बाहेर पडले ते पंचवीस मिनिटे उशिरा. मी उतरण्यासाठी पंधराच मिनिटे धरली होती. राखीव तास सगळा शेवटी ठेवला आणि सुरुवातीला काहीच ठेवले नाही, ही माझी चूक. परतीची भीती मोठी असल्यामुळे माझे सारे लक्ष तिकडेच राहिले. भट्टीजवळ उभा असलेला माणूस घड्याळ बघून हातातले काम टाकू शकत नाही, हे मला सुचायला हवे होते.

तिकीट खिडकीवरील बाईने कागद पाहिला, आजीकडे पाहिले, आणि पुढच्या गाडीची वेळ पेनने त्याच कागदावर लिहून दिली. दोन जागा होत्या, पण एकमेकांपासून लांब. त्या गाडीला जवळजवळ एक तास होता. राखून ठेवलेला तास असा सकाळीच खर्ची पडला.

तो तास दोघे धक्क्याजवळच्या बाकावर बसले, समोर जहाज. आजीने डब्यातून तिखट पुऱ्या काढल्या. मामांनी बोट करून पाण्याच्या रेषेच्या थोडी वर असलेली लहान गोल खिडक्यांची ओळ दाखवली व म्हणाले, "त्याच्याही खाली माझी खोली. खिडकी नाही तिला." आजीने विचारले, "मग उजाडलंय ते कसं कळतं रे तुला?" मामा म्हणाले, "पावाच्या वासावरून." मग तिने एकेक करून सारे विचारले: किती वाजता उठतोस, हात भाजतात का, ताप आला तर कोण बघतं, सणाला काय खातोस. फोनवर हे प्रश्न तिने कधी विचारले नव्हते, फोनवर ती नेहमी "बरा आहेस ना?" एवढेच म्हणे आणि ते "होय" म्हणत. हे मला मामांनी नंतर सांगितले. आजीने मला फक्त पुऱ्या पुरल्या का, ते सांगितले.

गाडीत एका उतारूने आपण होऊन जागा बदलून दिली, तेव्हा दोघे शेजारी बसले. शोसफॉसेनला आजी फलाटावर उतरली, नऊवारीवर स्वेटर आणि पायात मामांनी घेतलेले बूट. तेथे उन्हाळ्यात धबधब्याजवळच्या कातळावर लाल वस्त्रातील एक स्त्री संगीतावर नाचते; नॉर्वेच्या लोककथांतील हुल्द्रा नावाची, माणसांना भुलवून नेणारी ती वनातील बाई. मामांनी हे समजावून सांगण्यापूर्वीच आजीने हात जोडले होते. "आसराच की ही," ती म्हणाली. आमच्याकडे पाणवठ्याशी साती आसरा असतात, त्यांतली एक तिला तेथे दिसली.

गाडी खाली आली तेव्हा दोन वाजत आले होते. कागदाप्रमाणे चर्चला जाऊन येणे अजून जेमतेम बसत होते, पण राखीव काही उरले नसल्यामुळे मामांनी ते सोडले. योग्य केले. त्यांनी आजीला स्थानकाजवळच्या छोट्या रेल्वे संग्रहालयात नेले, तेथे ती बसली व मामा बसल्या बसल्या वीस मिनिटे झोपले. तिने त्यांना तीनला पाच कमी असताना उठवले. सव्वातीनला दोघे जहाजाच्या आत होते. त्या वेळी बेळगावात पावणेसात झाले होते आणि मी मोबाईल हातात धरून पायरीवर बसले होते.

आजी परत आल्यावर तो छापील कागद तिने मला दिला. चुकलेल्या गाडीची वेळ छापलेली, आणि तिच्याशेजारी पेनने लिहिलेली दुसरी वेळ. तो मी कॉस्टिंगच्या वहीत चिकटवला आहे. मामांना पुन्हा मोकळीक मिळेल तेव्हा वडिलांकडची आत्याही जायचे म्हणते आहे. तिचे गुडघे चांगले आहेत, त्यामुळे सज्जाचा हिशेब मी आत्ताच करून ठेवला आहे, आणि या वेळी निघतानाची चाळीस मिनिटे मोकळी सोडली आहेत.